लाखोळीत घातलेली गाडी

रविवार, जानेवारी, संध्याकाळ

दरेकसाच्या डोंगरातून आत्ताच घरी आलो. राकेश आणि पंकज, गोंदियाचे दोघे मित्र, गाडीचे फोटो पाठवून राहिले. एकही उघडला नाही.

उतारावरून खाली येताना पंकज म्हणाला, "रस्ता सोड, बांधीतून घाल. मी व्हिडिओ काढतो." स्टिअरिंग माझ्या हातात होतं. समोर धान काढलेल्या बांधीत लाखोळी, लाखेच्या डाळीचं पीक, उभी होती, निळ्या फुलांवर आलेली. दिसली नाही असं नाही. धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून गाडी आत घातली आणि मधोमध रुतली.

शेतातली म्हातारी धावत आली. "काऊन गा, रस्ता दिसला नाई का तुमाले?"

मी याच जिल्ह्यातल्या दवनीवाड्याचा. बाबांसोबत धानात लाखोळीचं बी शिंपतच वाढलो. तरी तोंडातून हिंदी निघाली, "आंटी, हमको लगा घास है."

घास! का म्हणालो असं? इथलाच आहे हे कळलं तर शिव्या बसतील, एवढीच भीती?

ती मागून आलेल्या नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या, बाहेरचे पोट्टे हायेत. त्याईले का समजते?" दोघांनी चाकाखाली धानाची तणस टाकली, आमच्यासोबत धक्काही मारला. ती निळी फुलं चिखलात गेली होती. मी खाली बघायचं टाळत होतो.

गाडी निघाली तशी म्हातारी खिडकीशी आली. माझ्यासाठी एकेक हिंदी शब्द शोधत म्हणाली, "आगे पुलिया टूटा है, बेटा. धीरे जाना."

"हव, माय," एवढं ओठांवर आलं होतं. मी काच वर केली.