काटा चाळीसच्या खाली

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.४०.
कोलशेतच्या खाडीवर भिवाजीकाकांच्या होडीत हत्यारं मांडत होतो, मध्येच वही काढली. डोंबिवलीत सहा वर्षं बाईकची वायरिंग केली, होडीचं काम आज पहिलंच. जागा छान आहे. राहायला जाळ्यांची खोली दिली आहे. काकांच्या आई मनुबाई यांनी आल्या आल्या बोंबलाचं कालवण वाढलं. काकांचा मुलगा जयेश म्हणाला, होडीत उलटी केलीस तर धुवायला तुलाच लावीन हां.
काम सोपं आहे. इंजिन कितीही तापलं तरी तापमानाचा काटा चाळीसच्या खालीच राहतो. दोनदा भर खाडीत इंजिन बंद पडलं. रविवारी जयेश पाहुणे घेऊन जाणार, त्यात लहान मुलं आहेत. त्याआधी काटा खरा झाला पाहिजे.

११ नोव्हेंबर.
सेन्सरची वायर सोडली. काटा खाली पडायला हवा, पडला नाही. वायर इंजिनाला टेकवली. काटा टोकाला जायला हवा, हलला नाही. चावी बंद केली, बॅटरी सोडली. काटा तिथेच. आकडे चाळीसपासून सुरू होतात. त्याच्या किंचित खाली, म्हणजे सदतीस. जयेश म्हणाला, तुझाच ताप मोजतोय रे तो. मीही हसलो.

१२ नोव्हेंबर.
गेजची, म्हणजे काट्याच्या तबकडीची, अर्थिंगची वायर शोधत तळापर्यंत गेलो. होडी फायबरची, पण तळाला लाकडाची जुनी फळी बसवली आहे आणि वायर फळीच्या खिळ्याला गुंडाळली आहे. लाकडावर कोण अर्थिंग देतं?
काका म्हणाले, मीच दिली, चुकून. या घरात जुन्या होडीची फळी नव्या होडीत बसवतात. जुनी होडी बुडाली तेव्हा काकांचा धाकटा भाऊ विश्राम तिच्यात होता. फळी सापडली, तो नाही. वायर खिळ्याला लागली आणि काटा उठला, माणसाच्या अंगातल्या उबेएवढा. तेव्हापासून काका रोज सकाळी गेजची काच पुसतात.

१३ नोव्हेंबर.
वागळे इस्टेटमधून नवा गेज आणि सेन्सर आणला. अर्थिंग इंजिनावर दिली. फळीचा संबंधच ठेवला नाही.
नवा काटाही सदतीसवर.
फळी काढावीच लागेल.

१४ नोव्हेंबर.
काकांनी नाही म्हटलं. मनुबाई रडल्या. म्हणाल्या, तो गारठंल रं पोरा, मग तुझ्याकडंच येईल ऊब मागायला. मी म्हटलं, आजी, रविवारी होडीत जिवंत माणसं बसणार आहेत, तुमचा नातू बसणार आहे. काकांनी तोंड फिरवलं.
खिळा उपसला. अंगठ्यात घुसला — रक्त आलं नाही. फळी खाडीत सोडली. काटा हळूहळू पडला. इंजिन चालू केलं: साठ, सत्तर, ब्याऐंशी. खरा काटा!

१५ नोव्हेंबर.
अंगठा बर्फासारखा. दुपारपर्यंत कोपरापर्यंत. चटका दिला, कळला नाही. जयेश म्हणाला, घरी जा भाऊ. नाही जाणार. होडी परत आलेली बघेन, मगच.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
होडी आली. सगळे सुखरूप — मुलं ओरडत उतरली. काटा ब्याऐंशीवर. मी बरोबर होतो.
डाव्या हाताने लिहितोय. थर्मामीटरवर आकडा नाही, नुसत्या रेघा. उन्हात बसलोय, तरी अंगातून पाणी — खारं —
शेजारी कोणीतरी बसलंय. ओलं. बघणार नाही. हिशोब लिहिणार.
खर्च: गेज ९५०, वायर १२०, सेन्सर ४५०. एकूण १५२०.
येणं: काकांकडून तो खर्च, आणि मजुरी २०००.
देणं: कोणाचं नाही. विश्राम, तुझं तर नाहीच. ऊब माझी आहे, मी ती दे—