पुसल्या गेलेल्या ठिपक्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य रुग्णालय.

विषय : घशाच्या तपासणीची मूळ चित्रे नष्ट न करता चौकशी समितीसमोर ठेवणेबाबत.
संदर्भ : १) चौकशी अहवाल, निष्कर्ष क्र. ४. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

१. मी कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीच्या तपासणीवर एकोणीस वर्षे तंत्रज्ञ होते. गेल्या महिन्यापासून 'प्रशासकीय सोयीसाठी' चादरींच्या भांडारात आहे. चादरींबद्दल माझी काही तक्रार नाही.

२. आमच्या दुर्बिणीत केसाहून बारीक असे काचेचे हजारो तंतू आहेत. एकेक तंतू चित्राचा एकेक ठिपका आणतो आणि मधल्या फटी काळ्या दिसतात, त्यामुळे सगळे चित्र मधाच्या पोळ्याआडून पाहिल्यासारखे येते. ही जाळी घालवण्यासाठी गेल्या वर्षी संगणकावर फिल्टर बसवला. तो शेजारचे रंग घेऊन फटी भरतो. एखादा तंतू तुटून काळा डाग पडला असेल, तर तोही बुजवतो. चित्र गुळगुळीत दिसू लागले, सर्वांनी कौतुक केले. मीही केले.

३. संबंधित रुग्ण माझी वहिनी आहे. ती बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करीत असे. आवाज बसला म्हणून मीच तिला तपासणीला आणले. पडद्यावर डाव्या स्वरतंतूच्या कडेला काळपट लाल ठिपका होता. मी म्हटले, "सर, इथे काहीतरी आहे." डॉक्टरसाहेब म्हणाले, "तंतू तुटलाय. फिल्टर वाढवा." तुटक्या तंतूचा डाग नळी हलवली तरी पडद्यावर जागचा हलत नाही. हा ठिपका वहिनीने गिळले तसा घशाबरोबर वर गेला आणि खाली आला. मी ते पाहिले. बाहेर चौदा रुग्ण खोळंबले होते. मी फिल्टर वाढवला आणि ठिपका गेला. अहवालात लिहिले गेले, 'घसा स्वच्छ'.

४. सात महिन्यांनी वहिनीचे स्वरयंत्र काढावे लागले. आता ती वहीत लिहून बोलते. घरी आल्यावर तिने मला पहिले वाक्य लिहून दाखवले : 'तुला दिसलं होतं का?' मी हो म्हटले. दादा जेवत होता, तो ताटावरून उठून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. वहिनी लिहिते, पण कामापुरते.

५. समितीने चित्रे मागवली, तेव्हा तिला फिल्टर लावलेली चित्रे देण्यात आली. ती पाहून समितीने निष्कर्ष काढला की 'चित्रात काहीही आढळत नाही, सबब कोणाचीही चूक नाही. रुग्णाने पुन्हा तपासणीस येण्यास विलंब केला.' घसा स्वच्छ असल्याचा कागद हातात असताना तिने पुन्हा कशासाठी यावे, हे अहवालात नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

६. फिल्टर लावण्याआधीची मूळ चित्रे संगणकात वेगळी साठलेली असतात; ती द्यावीत म्हणून मी पहिला अर्ज केला. 'अर्जदार रुग्णाची नणंद असल्याने तिचे म्हणणे निःपक्षपाती मानता येत नाही,' असे उत्तर आले. दुसरा अर्ज मी नात्याचा उल्लेख न करता केला. तो 'अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध स्पष्ट होत नाही' या शेऱ्यासह परत आला. दोन्ही उत्तरांवर सही एकाच कारकुनाची आहे. मी त्यांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच बटण दाबलंत ना? मग कशाला उकरून काढताय? सुटला आहात, गप्प बसा."

७. संगणकातील जागा मोकळी करण्याच्या परिपत्रकानुसार मूळ चित्रे येत्या तीस तारखेला पुसली जाणार आहेत. त्यानंतर या रुग्णालयात वहिनीचा घसा कायमचा स्वच्छ राहील.

तरी विनंती की ती चित्रे, जाळीसकट, समितीला दाखवावीत. चूक कोणाची हे ठरवताना माझे नाव पहिले घातले तरी माझी हरकत नाही. नोकरी गेली तरी नाही. मात्र 'काहीही आढळत नाही' हे वाक्य खोडावे. तिथे ठिपका होता.

आपली विश्वासू,
(सही)
तंत्रज्ञ, कान-नाक-घसा विभाग
(सध्या चादर भांडार)
दिनांक : २२

सोबत : १) दोन्ही अर्ज व उत्तरे. २) वहिनीच्या वहीतील एका पानाची प्रत, तिच्या संमतीने.