दीड आटा

सर, हे पत्र मी खराडीतल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. इथे मी काय काम करते हे तुम्हाला एकदा सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हंजे मोडलेलं बघायचं आणि कुणामुळं मोडलं ते लिवायचं. पोलीसपाटीलच की!" साधारण तेच. गोदामात खोकी उचलणारे रोबो आमची कंपनी बनवते, आणि त्यातला एखादा बंद पडला की तो का बंद पडला याचा अहवाल माझ्याकडे असतो. अहवालात 'मूळ कारण' असा एक रकाना आहे. नवी मुलं तिथे 'कंपनामुळे स्क्रू सैल झाला असावा' असं लिहून आणतात, तेव्हा मी कागद परत करते. कोणता स्क्रू, किती सैल, शेवटचा कुणी घट्ट केला, त्याला विचारलं का, एवढं तरी हवं. मुलांना मी कडक वाटते. तुमच्या स्क्रूंच्या बाबतीत मात्र हे प्रश्न फक्त तुम्ही विचारले होते, आणि उत्तर मी दिलं होतं.

तिसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन झाले तेव्हा तुम्ही वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होतात. लोणी काळभोरहून स्कूटरने यायचात, आल्यावर हेल्मेट लेथच्या शेजारच्या खिळ्याला अडकवायचात. त्या वर्षीच्या खेळात रोबोने जमिनीवरचे ठोकळे उचलून तीन उंचींच्या फळ्यांवर ठेवायचे होते. वजनाची मर्यादा कडक होती. आमच्या पहिल्या आराखड्यात पंजा मिटायला एक मोटर, फिरवायला एक, हात वर न्यायला दोन आणि चाकांना चार. तापकीर गल्लीतून आणायच्या मोटारींची यादी घेऊन मी तुमच्याकडे सही मागायला आले. तुम्ही यादी वाचता, चष्मा कपाळावर सारता, म्हणता, "कॅप्टन, ह्यो रोबो हाय का मोटारींचं दुकान?" मग खिशातलं बॉलपेन काढून माझ्यासमोर टिकटिक करता. एकदा दाबलं, बाहेर. परत दाबलं, आत. "ह्याला मोटर हाय का? बॅटरी हाय का? तीन वर्षं चाललंय."

त्यावरून आमचा पंजा झाला. बर्फाच्या लाद्या उचलतात त्या चिमट्यासारखा: ठोकळ्याच्या वजनानेच आवळणारा. खाली टेकला की त्याच्या आतला खटका बॉलपेनसारखा एक घर पुढे सरकायचा. एका टेकण्याला पकड, दुसऱ्याला सुटका. पंजाला एकही मोटर नाही. वाचलेलं वजन आम्ही हातात घातलं, हात लांब केला, आणि बाकीच्या टीम दोन खेपा करत होत्या तेवढ्यात आमच्या तीन व्हायला लागल्या. त्या स्पर्धेत आमच्याकडे काही हुशारी होती तर ती एवढीच, आणि ती तुमची होती. सादरीकरणात मी 'आमची संकल्पना' म्हटलं. त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. तुम्हीच तसं म्हणायला सांगितलं होतंत.

वाद झाला तो हात उचलणाऱ्या दांड्यावर, शाफ्टवर. टीमचे गाइड असलेले प्राध्यापक म्हणाले, शाफ्टला की-वे करा, म्हणजे खाच पाडून त्यात चावी बसवा, गिअर घसरायला नको. तुम्ही म्हणालात, बारा मिलीचा शाफ्ट, खाच पाडली की तिथंच पिळून तुटंल. त्यापेक्षा शाफ्टची एक बाजू कानशीने सपाट घासायची आणि गिअरमधून दोन ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले स्क्रू, त्या सपाटीवर आवळायचे. प्राध्यापक हसले. "बघा बुवा. तुमचं सगळं घरगुती असतं. घसरलं तर मला सांगायला येऊ नका." ती सपाटी तुम्ही दोन दिवस घासलीत. अर्धा मिलिमीटर खोल, टोकापासून टोकापर्यंत. मी मायक्रोमीटर लावून पाहिला. कुठेही दोन शतांशाच्या वर फरक नव्हता. नंतर सरावात आम्ही तो हात शेकडो वेळा वर-खाली केला. एकदाही घसरला नाही.

स्पर्धा पुण्यातच होती. पहिल्या दिवशी दोन गट, दुसऱ्या दिवशी उपांत्य आणि अंतिम फेरी. सगळ्यांना जिची भीती होती ती टीम दुसऱ्या गटात होती, आणि बॅटरीची तार निघाल्याने तिने एक सामना गमावला. त्यामुळे ती त्यांच्या गटात दुसरी येणार हे दुपारीच ठरलं. आमच्या गटात पहिली येणारी टीम उपांत्य फेरीत तिच्याशी खेळणार होती. दुसऱ्या येणाऱ्या टीमला सोपा प्रतिस्पर्धी मिळणार होता. आमचा एक सामना उरला होता. तो जिंकला तर आम्ही पहिले, हरलो तर दुसरे. मुद्दाम हरण्याबद्दल नियमावलीत स्पष्ट मनाई होती. शिवाय टीममधलं कुणीही त्याला तयार झालं नसतं, आणि रोबो मीच चालवायचे, पण मुद्दाम वाईट चालवायचं नाटक माझ्याच्याने झालं नसतं.

मी स्क्रू फिरवायची ॲलन की घेऊन रोबोशेजारी बसते. शेवटची तपासणी कॅप्टनने करायची असा आमचा नियम आहे, त्यामुळे कुणी बघत नाही. एम-फाइव्हचा, म्हणजे पाच मिलीचा, स्क्रू एका फेऱ्यात शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर मागे येतो. तुमची सपाटी अर्धा मिलिमीटर. दीड आटा, म्हणजे दीड फेरा, पुरेसा होता. दोन्ही स्क्रू दीड-दीड आटा ढिले केले. मोजून.

पहिला ठोकळा उचलताना हात खांद्यातून लोंबला. मोटर फिरत राहिली. आम्ही हरलो.

पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागी, तुम्ही रोबो टेबलावर घेतलात आणि कुणाला हात लावू दिला नाहीत. गिअर सरकवलात, शाफ्टवरचे ओरखडे नखाने चाचपून पाहिलेत. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "शेवटचं घट्ट कुणी केलं?"

"मीच, सर."

"पुरे घट्ट व्हते?"

"पूर्ण घट्ट होते."

तुम्ही मान हलवलीत. मी व्हर्नियरचं वाचन दिलं की तुम्ही पुन्हा मोजत नसायचात. तसंच. "मग माझंच चुकलं," म्हणालात, "हादऱ्यानं सुटले. खाचच पाडायला पायजे हुती." प्राध्यापक मागेच उभे होते. त्यांनी फक्त "मी सांगितलं होतं" एवढंच म्हटलं, आणि सगळ्यांसमोर म्हटलं. माझ्या हातात तेव्हाही ॲलन की होती. तुम्ही ती मागून घेतलीत आणि स्क्रू स्वतः आवळलेत.

दुसऱ्या दिवशी तोच हात, तेच स्क्रू, आणि काही झालं नाही. उपांत्य सामना सहज जिंकलो. अंतिम सामना त्याच टीमशी हरलो. हरणार होतोच, ती टीम आमच्यापेक्षा चांगली होती. दुसरा क्रमांक मिळाला, आणि नोकरीच्या मुलाखतीत मला त्या दुसऱ्या क्रमांकाबद्दलच विचारलं गेलं. पुढच्या वर्षीपासून टीमचे शाफ्ट बाहेर, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बनायला लागले. तुमच्याकडे पहिल्या वर्षाचं फिटिंग तेवढं राहिलं. मी शेवटच्या वर्षात होते. वर्कशॉपवरून जाताना तुम्ही मुलांना काय सांगता ते ऐकू यायचं: "सपाटीवर भरवसा ठिवू नका. मी ठिवला हुता." खोटा धडा होता तो, आणि तुम्ही प्रत्येक बॅचला शिकवत होतात. मी पायऱ्या उतरून कँटीनकडे जायचे.

तुम्ही आजारी आहात असं कळल्यावर मी लोणीला आले, ते सांगायलाच आले होते. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. काकूंनी चहा ठेवला. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात इतके बारीक झाले होते की मी दुसरीकडे पाहिलं. तुम्ही काकूंना म्हणालात, "ही आमची कॅप्टन. हिचा गटातला पहिला नंबर माझ्या स्क्रूंनी घालवला."

काकू वैतागल्या. "अवो, किती वर्सं तेच धरून बसायचं? पोरगी नोकरीला लागली बगा चांगली."

"लागली ते तिच्या डोक्यानं," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "राग नाय ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आपण तिघेच होतो. मी म्हणाले, "जाऊ द्या हो सर. होतं असं कधीकधी."

स्क्रू ढिले करणं एका दुपारचा हिशेब होता, आणि तो हिशेब कसा झाला हे मला समजतं. तुमच्या घरात बसून, तुमचा चहा पिऊन मी तुम्हाला माफ केलं, हे मात्र मला कुठल्याच रकान्यात बसवता येत नाही. तुम्ही बरं वाटल्यासारखे हसलात. दोन महिन्यांनी तुम्ही गेल्याचं टीमच्या ग्रुपवर वाचलं. हात जोडलेल्यांच्या रांगेत मीही हात जोडले.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही काही विचारणार नाही. ज्यांना सांगितलं तर उपयोग आहे ते प्राध्यापक हयात आहेत, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी त्यांनी मला कॉलेजात बोलावलं आहे, नव्या टीमला डिझाइन आणि डावपेचांबद्दल सांगायला. ते पहिल्या रांगेत असतील. पंजाच्या स्लाइडवर मी स्वच्छ लिहिलं आहे की कल्पना तुमची होती. शाफ्टचीही एक स्लाइड केली होती: सपाटीची खोली, स्क्रूचा पिच, दीड आटा, आणि खाली मूळ कारण. चार दिवस ती तिथे होती. आज सकाळी काढली, आणि पुढच्या स्लाइडचे क्रमांक नीट करून घेतले.