नानांचं नाक

४ मार्च, मंगळवार
पहिली चाचणी, कवठे महांकाळला, आमच्याच बेदाणा शेडवर. विषारी वायू वाढला की वाजणारं माझं यंत्र वाजलंच नाही! बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीनं माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि हे आपलं गप्प. ते बनवण्यात सांगलीत घालवलेले तीन महिने फुकट म्हणून रडकुंडीला आले. जवळ जाऊन बघते तर शेडवर बेदाणा निवडायला येणाऱ्या विजयमालाकाकूंनी त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून रबर लावलेलं. टीव्हीच्या रिमोटला घालतात तसं! "नवी वस्तू हाय, चिकट व्हईल गं!"

६ मार्च
पिशवी काढली तर आता थांबेचना. नानांची बावीस वर्षांची पद्धत — धुरी संपली की दार उघडायचं, आधी स्वतः आत जाऊन वास घ्यायचा, मग कामाच्या बायकांना हाक. आज त्यांनी हाक मारली, "या गं, काय न्हाई!" आणि माझ्या हातात यंत्र बोंबलतंय. बायका दारातच थांबल्या. एकदा नानांकडं बघतात, एकदा माझ्याकडं.

"वास असता तर मला कळला नसता व्हय? खुळं हाय तुजं यंत्र." चारचौघींत! बायका गेल्या आत.

मलाही वास आल्यासारखा वाटला. पण सकाळपासून तिथंच होते, ओढणीलाही तोच वास. राग आला तो यंत्राचाच. माझे वडील चुकतील कसे?

७ मार्च
हवेत वायू दोन पीपीएम झाला की यंत्र वाजायचं, ते पाचावर नेलं.

९ मार्च
यंत्र गप्प. नाना खूश. "आता कसं सुतासारखं सरळ आलं!" काकूंचा खोकला मात्र हटेना. हवा बदललीय म्हणतात.

संध्याकाळी नाना कुरकुरले, चहात आलं घातलं न्हाईस. बोटभर किसून घातलं होतं की!

१० मार्च
दूध गॅसवर ठेवून अंगणात फोनवर बोलत बसले. करपल्याचा वास अंगणापर्यंत आला. पळत आत गेले. नाना शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले.

"नाना, दूध करपलं!"

मान वर करून म्हणाले, "कवा?"

मी ज्या नाकावर विसंबून यंत्राचा आकडा वाढवला —

११ मार्च
नानांना सरळ विचारलं. म्हणाले, "वरीस झालं क्रांते, कायच वास येत न्हाई. सांगू कुणाला? सगळ्या माज्याच हाकंवर आत जात्यात."

आकडा परत दोनवर. आज दारातून आधी यंत्र आत गेलं. नाना बायकांच्या मागं उभे होते.