हार्ड डिस्क आणि घरातले फितूर

४ जून, सकाळ
कॉम्प्युटर सुरू केला की आवाज येतो. टक्. टक्. थोडी शांतता. पुन्हा टक्. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ भिंतीत खिळे ठोकत असणार. वर जाऊन विचारलं. मी झोपलो होतो, असं त्यांनी स्वतः दार उघडून सांगितलं. यातच सगळं आलं.

४ जून, संध्याकाळ
आवाज कॉम्प्युटरच्या पोटातूनच येतोय. वर पडद्यावर सूचना : हार्ड डिस्क निकामी होत आली आहे, फाइल्सची कॉपी ताबडतोब करून ठेवा. ‘ताबडतोब’ हा शब्द फक्त विकणारे वापरतात. मी असल्यांना भीक घालत नाही. सूचना बंद केली.

५ जून
सूचना पुन्हा आली आणि नेमकी बायकोने पाहिली. म्हणाली, मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्यात आहेत, आईंच्या आवाजाचं ते एकमेव रेकॉर्डिंग आहे, आधी कॉपी करा. मी आठवण करून दिली की माझी कादंबरीही त्यातच आहे. “हो का,” एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांची तपश्चर्या आणि हो का!
मग म्हणाली, भावाला बोलावते. तिच्या भावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता डोक्यात प्रकाश पडला. मागे एकदा जेवताना याच मेहुण्याने विचारलं होतं, भाऊजी, तुमच्या कादंबरीतला खुनी कोण? त्याला काय करायचंय?

७ जून, रविवार
मेहुणा आला. डॉक्टरसारखा कान लावून बसला. म्हणाला, डिस्क आज जाईल की महिन्याने, सांगता येत नाही. उगाच चालू-बंद करू नका. मी नवी डिस्क आणलीय, दोन तास द्या, सगळं तिच्यावर उतरवून देतो.
दोन तास! तेवढ्यात रहस्यकथा वाचून खुन्याचं नावसुद्धा बदलता येईल. मी ठणकावून सांगितलं की कॉपी कालच करून झाली. त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांचं पाहणं मी पाहिलं.

८ जून
आता थाप खरी करणं भाग होतं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून दूरच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला. घरी येऊन पडद्यावरची सगळी चित्रं एकदम निवडली आणि त्यात टाकली. फोटो, आई, कादंबरी, सगळं. पापणी लवायच्या आत काम फत्ते. आणि मेहुण्याला हवे होते दोन तास! याला म्हणतात धंदा.
प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटासा बाण आहे. कॉपी नीट झाल्याची खूण असावी.
पेनड्राइव्ह बुटाच्या पॉलिशच्या डबीत लपवला. पासवर्ड बदलला. आधी मुलीचं नाव होतं, आता तेच उलटं. ब्रह्मदेवालाही सापडणार नाही.

१२ जून
कादंबरीवर बसलो. इन्स्पेक्टरला मिशी दिली. मशीन मध्येच थिजलं, तेवढ्या वेळात विचार बदलला. मिशी काढली. आज भरपूर काम झालं.
टक्टक वाढली आहे. डब्याला बाजूने दोन चापट्या मारल्या की थांबते. इलाज मला कळला, दुकानवाल्याला नाही.

१५ जून
डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसातून लवकर आलो. दाराशी मेहुण्याच्या चपला! तो स्वयंपाकघरात चहा पीत होता, अगदी निरागस चेहऱ्याने. सहज आलो होतो, म्हणाला. कामाच्या दिवशी, दुकान टाकून, सहज? कॉम्प्युटर बंद, पण हात लावला तर गरम. मुलगी माझ्याकडे पाहून हसली आणि अभ्यासाला पळाली. तिलाही फितवलेलं दिसतंय. मी काही बोललो नाही. मुत्सद्दी माणूस बोलत नाही.

१९ जून, सकाळ
गेला. काळा पडदा, त्यावर पांढरी रेघ. टक्टकही नाही. चापट्या मारून पाहिल्या.
घाबरायचं कारण नाही. दूरदृष्टी डबीत आहे.

१९ जून, संध्याकाळ
ऑफिसात पेनड्राइव्ह लावला. काहीही उघडेना. आधी वाटलं, साहेबांच्या मशीनमध्येच खोट आहे. घरी मुलीच्या लॅपटॉपवर लावला. तिने बाण पाहिले आणि हळूच म्हणाली, बाबा, ही नुसती दारावरची पाटी आहे. घर जुन्या डिस्कवरच राहिलं.
मी पेनड्राइव्ह काढून पुन्हा डबीत ठेवला.

२० जून
बायकोला सांगितलं, सगळं गेलं. मुलीचं पहिलं पाऊल गेलं. आई गेली. वाटलं, ही रडेल, भांडेल. ती म्हणाली, असू द्या, चहा घ्या. शांत! संशयास्पद शांत.
त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी आई मला म्हणते, पुरे रे आता, बंद कर ते. किती दिवसांत ऐकलं नव्हतं. ऐकू केव्हाही, असं वाटायचं. न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसलो. डोळ्यांत साबण गेला होता.

२३ जून
ऑफिसात कादंबरी गेल्याचं सांगितलं. सगळे उठून उभे राहिले. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. टायपिस्टबाईंचे डोळे भरून आले. किती पानं होती, असं कोणीतरी विचारलं. पाचशेच्या पुढे, म्हणालो. साधारण तेवढा ऐवज मनात होताच.
गेलेल्या कादंबरीला जो मान आहे तो छापलेल्या कादंबरीला नसेल. ठरवलं : पुन्हा लिहायची नाही. तसं लेखन दोनदा होत नसतं. साहेबांनाही हे पटलं. येत्या सोमवारी चहाच्या वेळी तिच्याबद्दल मी चार शब्द बोलावेत, असं ठरलं. खूप हलकं वाटतंय.

२६ जून
घरी येतो तर बायको, मुलगी आणि मेहुणा रांगेत उभे. कॉम्प्युटर चालू. कट उघड झाला. पंधरा तारखेला तिघांनी मिळून सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. पासवर्ड मुलीने दुसऱ्याच झटक्यात ओळखला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, आधी सांगितलं असतं तर तुम्ही ती डिस्कही डबीत घातली असती. आज बसवून झाली म्हणून सांगतोय.
मग आईचा आवाज लागला. कोणी हललं नाही. पुरे रे आता, बंद कर ते, आई म्हणाली, पण बंद कोणीच करेना. मेहुण्याने डोळे पुसले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला गेला.
नंतर सहज विचारलं, कादंबरीचं काय? तीही सुखरूप, बायको म्हणाली. तिने वाचलीसुद्धा. चहा उकळेपर्यंत वाचून झाली. चारच पानं आहेत, त्यातलं एक अर्पणपत्रिकेचं. पण आवडली, अगदी मनापासून म्हणाली. आणि पुढचं कुठंय, असं विचारलं.
मेहुण्याच्या उत्साहाला तर धरबंध नाही. माझं दुःख त्याला बघवेना म्हणून मी घरी यायच्या वाटेत असतानाच त्याने ऑफिसात फोन करून कादंबरी सापडल्याचं कळवलं. साहेबांना अत्यानंद झाला. सोमवारी घेऊन या, मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार, असा त्यांचा निरोप आहे.
पाचशे पानं.
आज शुक्रवार.