रबरी माशांचा शास्त्रशुद्ध डबा

३ जून, मंगळवार
आजपासून शिस्त. अग्निशमन दलाची बास मासे पकडण्याची जोडीस्पर्धा २८ तारखेला. क्लोव्हिसची बोट, माझं डोकं. शाळा सुटल्यापासून हीच जोडी आणि एकदाही जिंकलेलो नाही. यंदा जिंकायचंच, कारण स्पर्धा झाली की क्लोव्हिस घर विकून मुलीकडे फ्लोरिडाला चालला. त्याची काळजी वाटते. माझ्याशिवाय तिकडे त्याचं कसं होणार?

निर्णय: यंदा फक्त मऊ रबरी मासे. पोटात गळ लपवायचा, पाण्यात फेकायचा, दोरी गुंडाळत राहायची. रबरी मासा शेपूट हलवत पोहतो, बास फसतो.

५ जून
खरेदी. धुरकट, चंदेरी, जांभळट, पोपटी पोटाचे, पाठीवर ठिपके असलेले. प्रत्येकात लांब आणि आखूड. दुकानदाराने वर साध्या पांढऱ्या माशांचं एक पाकीट फुकट दिलं. फुकट मिळतं त्यावरूनच लायकी कळते. बायकोला देऊन टाकलं. नेडीन खूश झाली. बिचारीला फार लागत नाही.

७ जून, शनिवार
सराव. बास शेपटीला चावला की मी विजेसारखा हिसका मारतो. क्लोव्हिस म्हणाला, अरे बाबा, हिसका नको, नुसतं गुंडाळत राहा, त्याला नीट गिळू तर दे. पण माझा हातच चपळ, त्याला मी काय करणार? चार वेळा रबरी मासा बिनशेपटीचा परत आला. क्लोव्हिस म्हणाला, शेपट्यांची स्पर्धा असती तर आपला पहिला नंबर होता.
मासे: क्लोव्हिस सात. मी, चाव्यांच्या हिशेबाने, चार.

११ जून
मोठं काम उरकलं. सगळे रबरी मासे पाकिटांतून काढून एकाच मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, रंगाप्रमाणे, फिक्याकडून गडदाकडे. बघत राहावं असा डबा. नेडीन म्हणाली, पाकिटावर लिहिलंय की ज्याचे त्याच पाकिटात ठेवा. पाकिटं वाचणारी माणसं वेगळी असतात.
डबा क्लोव्हिसच्या बोटीत नेऊन ठेवला. बोट त्याच्या अंगणात उभी असते. तिलाही गिऱ्हाईक ठरलंय म्हणून त्याने आत नवा गालिचा घातलाय.

१५ जून, रविवार
चर्चनंतर तिघं धक्क्यावर. ऊन मरणाचं. नेडीन फोन मानेत दाबून बहिणीशी बोलत होती, तोंडात उकडलेले शेंगदाणे, आणि हाताने आपली पांढऱ्या माशाची दोरी गुंडाळत होती. तीन बास. गप्पांच्या नादात हिसका मारायचंच विसरते. क्लोव्हिस बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होता. त्याला ऊन लागलं असावं.

१९ जून
रबराची प्रत पूर्वीची राहिलेली नाही.
क्लोव्हिसने फोन करून बोलावलं. उन्हात डबा तापला आणि निरनिराळ्या जातीचं रबर एकमेकांना चिकटून विरघळलं. डब्याचं बूडही गेलं. सगळा ऐवज नव्या गालिच्यावर. जांभळा, मध्ये पोपटी धार. खरवडून निघत नाही.
मी म्हटलं, आपल्या बोटीला एवढ्याने काही होत नाही. क्लोव्हिस म्हणाला, माझ्या बोटीला.

२३ जून, सोमवार
क्लोव्हिसचा फोन. राग गेलेला दिसतो. विचारलं, शनिवारी नेडीन मोकळी आहे का? सँडविचांसाठी असणार. म्हटलं, मोकळीच असते. म्हणाला, रॉइस, तुझी खरंच काही हरकत नाही ना? म्हटलं, हरकत कसली, तेवढाच तिला विरंगुळा. त्याने दोनदा आभार मानले. सँडविचांसाठी एवढं!

२५ जून
हिसका न मारण्याचा निश्चय. बैठकीच्या खोलीत सराव. पडदा गेला.
नेडीनने विचारलं, क्लोव्हिस तुझ्याशी नीट बोललाय ना? म्हटलं, सगळं ठरलंय, तू चीजची सँडविचं कर.

२८ जून, शनिवार, सकाळी
लिहायचं नव्हतं.
आम्ही पाण्याशी पोहोचलो. नेडीनने लाइफ जॅकेट चढवलं. मी हसलो. ती जाऊन बोटीत माझ्या जागेवर बसली. मी क्लोव्हिसकडे बघितलं. तो म्हणाला, अरे, तुला विचारलं होतं की. आजूबाजूला गावातले सगळे उभे. मी मोठ्याने म्हटलं, हो तर, माझीच कल्पना.
गाडीमागचा बोटीचा ट्रेलर मीच मागे घेऊन बोट पाण्यात सोडली. एका दमात, सरळ. बोट वळली आणि गेली. फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
सँडविचंही ते घेऊन गेले.

दुपारी
पहिला नंबर. सगळे मासे त्या फुकटच्या पांढऱ्यावर. दोघांचा फोटो मी काढला. क्लोव्हिसने माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, चाळीस वर्षं तुझ्याबरोबर हरलो रॉइस, फार मजा आली. पण जायच्या आधी एकदा जिंकून बघायचं होतं.
मी म्हटलं, ट्रेलर कसा घेतला ते बघितलंस ना? तो म्हणाला, बघितलं.

३० जून, सोमवार
क्लोव्हिस गेला. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होतो.
डाग बघून बोटीचं गिऱ्हाईक फिरलं होतं, म्हणून जाताना तो बोट नेडीनला देऊन गेला. म्हणजे नीट बघितलं तर बोट घरात माझ्यामुळेच आली.
नेडीनने विचारलं, शनिवारी येतोस का? बसायचं मागे, डागापाशी. रबर ती निवडणार. हिसका मारला तर धक्क्यावर उतरवणार. म्हटलं, विचार करून सांगतो.

संध्याकाळी
विचार झाला. जातोय. सँडविचं मी करायची आहेत.