पुलाच्या चढावर दोन गाड्या

मामाजी, आज मी दोन जुन्या गाड्या चालवून पाहिल्या, आणि घरातली निजानीज होताच तुम्हाला लिहायला बसले. तुमच्या सुनेची बदली सेमाडोहच्या शाळेत झाली आहे. सोमवारी जायचं, शनिवारी नांदगावला परतायचं, मध्ये मेळघाटातला घाट. तुमच्या मुलाचं म्हणणं एकच, "घाटात तू एकटी? काही झालं तं? ड्रायव्हर ठेवू." त्यांचं चुकतंय असं मलाही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून कधीमधी कुणाची गाडी माझ्या हाती आली, तरी शेजारी कुणीतरी हँडब्रेकवर हात ठेवून बसलेलं असायचं.

तुम्ही तसे कधी बसला नाहीत. मला ट्रॅक्टर शिकवलात ते अजून दिसतं: ट्रॉलीत तुरीची पोती, मी ट्रॅक्टरवर, नाल्याचा चढ लागतो आणि तुम्ही खालून ओरडता, "थांबव." शेताच्या धुऱ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसताहेत, मी रडकुंडीला आलेली. "अवं, बैलजोडी घेतानी आमी हेच पाह्यतो. सपाटीवर कोणताई बैल पयते. भरली बंडी चढावर उभी कर, मंग हाकलून पाह्य."

तर मीही तेच केलं. अमरावतीची डिझेल गाडी, उंच आणि रुबाबदार, उड्डाणपुलाच्या ऐन चढावर उभी केली. विकणाऱ्याला घाम फुटला. "म्याडम, पुलावर काहून थांबून राहिल्या? मांगून ट्रक येऊन राह्यला."

"दम पाहून राहिली, भाऊ."

आणि काय तो दम. क्लच सोडला, ती केसभरही मागं न सरकता चढली. पण वळणावर अंग टाकते, स्टिअरिंग जड, आणि टर्बो बिघडला तर परतवाड्याला मेकॅनिक मिळेल, सामान मिळेलच असं नाही. तुमच्या मुलाच्या मात्र ती डोळ्यांत भरली.

दुपारी अकोल्याला गेलो. तिथली पेट्रोलची लहान गाडी, सीटला विणलेली कव्हरं, आत अजून उदबत्तीचा वास. जोर बेताचा, चढावर एसी बंद करावा लागतो. पण बाजाराच्या गर्दीतून ती अशी निघाली की मला हसूच आवरेना. सामान तर कुठल्याही गॅरेजात मिळतं. तिलाही तिथल्या पुलाच्या चढावर थांबवलं. ती मागं सरकली. तुमच्या मुलाचा हात हँडब्रेककडे आला, पण तो पोचायच्या आत माझ्या पायांनी क्लच आणि रेस बरोबर धरली, आणि गाडी वर निघाली. त्यांनी हात परत मांडीवर ठेवला. पूल उतरल्यावर मी उगाचच आणखी एक चक्कर मारली.

लहानच घ्यायची ठरली. घरी सगळ्यांना ॲव्हरेज आणि देखभालीचं कारण सांगितलं, ते पटलंही. ड्रायव्हरचा विषय पुन्हा निघाला नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. तुमच्या परीक्षेत पास झाली ती मोठी. मी नापास झालेली निवडली. ती मागं सरकली नसती, तर मी घाबरत नाही हे मला कळलंच नसतं.